दोन उघड्या गाड्या आणि एक गादी

५ ऑक्टोबर २०१४, रविवार

विनोदिनी, वाचायच्या आधी चष्मा शोध. डोक्यावर असंल. तिथं नसंल तं फ्रिजमध्ये पाहा. मागच्या वेळेस दह्याच्या पातेल्यामागं सापडला होता, तूच फोनवर सांगितलं होतं आणि सांगितल्याचंही विसरली असशील. माझं वय एक्क्याऐंशी, तुझं छप्पन, आणि आठवण ठेवायचं काम माझ्याकडं. त्यात तू यवतमाळहून ही डायरी पाठवली. म्हणे, "आई, तिकडचं सगळं लिहून ठेव, मी निवांत वाचीन." वा. जिचं नाव शारदा आणि जिनं जन्मात पाटीवर रेघ ओढली नाही, तिले डायरी. म्हणून मी बोलून राहिली आणि श्रावणी लिहून राहिली. श्रावणी म्हणजे तुझ्या भावाची पोरगी, कॉलेजात जाते. भाऊ म्हणजे नीलकंठ. त्याची बायको मीरा. आम्ही अजून रायपुरातच राहतो.

रोजचं नाही सांगणार. घडलं तं सांगीन. काल घडलं. आपल्या दोन्ही घोड्या राजनांदगावच्या माणसाले विकल्या. चांदणी टेम्पोत चढत नव्हती. तुळशीरामनं स्वतःचा गमछा काढून तिच्या डोळ्यांवर बांधला तवा चढली. तुळशीराम आठवते ना? तुझा नवरा वरातीत घोडीवरून घसरत होता आणि एका हातात लगाम, दुसऱ्या हातात जावई धरून चालला होता तो. तीस वर्षं झाली त्याले आपल्याकडं. पहिले घोड्या, मग फुलं लावलेली जुनी मोटार. आपल्या गुढ़ियारी मोहल्ल्यातली अर्धी लग्नं त्यानं मांडवापर्यंत पोचवली.

नीलकंठ म्हणते, घोडीचे दिवस गेले. आता लग्नं नव्या रायपुरातल्या लॉनमध्ये होतात, लोकाइले उघड्या टपाची विलायती गाडी पाहिजे. तबेला विकायचा आणि गाडी घ्यायची. तबेला तुझ्या बाबांनी, बाबारावांनी, माझ्या नावावर केला होता, म्हणून माझा अंगठा पाहिजे. मी म्हटलं, देते. पण गाडी तुळशीरामच चालवील, तो स्वतः नाही म्हणंल तवापर्यंत. नीलकंठनं माझ्या पायाले हात लावला. "आई, तुळशीरामभैया घरचा माणूस आहे. त्याले कोण काढते?"

हे मी मुद्दाम लिहवून घेतलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज गाड्या पाहायले गेलो. रिंग रोडवर भैय्यालालचं आवार आहे, जुन्या भारी गाड्या विकते. मीरा म्हणे, "आई, तुम्ही कशाले उन्हात?" मी म्हटलं, माझ्या तबेल्याची गाडी होऊन राहिली, तोंड तं पाहू दे.

दोन दाखवल्या. पांढरी आणि निळी.

पांढरीले दोनच सीट. टप पत्र्याचा. बटण दाबलं की मोडून, दुमडून, मागं डिक्कीत जाऊन बसते. मग डिक्कीत नारळ ठेवायले जागा नाही राहत. सीटांच्या मागं लोखंडाच्या दोन कमानी उभ्या. मी म्हटलं, हिले कान काहून आहेत? भैय्यालाल म्हणे, "अम्मा जी, गाड़ी पलट जाए तो सिर बचाने के लिए."

निळीले चार सीट. टप कापडी, डिक्की अर्धी मोकळी राहते. मागच्या सीटमागं सपाट झाकण, पाटासारखं. कान कुठंच नाहीत. मी म्हटलं, हिचं डोकं कोण वाचवते?

"इसके भी हैं, अम्मा जी. अंदर सोते हैं. गाड़ी ज़रा भी पलटने को हुई, तो पलक झपकते बाहर. आँख देख भी नहीं पाएगी."

मी म्हटलं, म्हणजे माझ्या सासऱ्यासारखे. झोपल्याचं सोंग आणि सगळीकडं ध्यान. सगळे हसले. भैय्यालालनं चहा सांगितला.

मग म्हणे, पांढरीत तीनशे घोड्यांची ताकद. मी म्हटलं, मी दोन पोसल्या, रोज सकाळी टोपलंभर लीद उचलली. तीनशेची कोण उचलते? नीलकंठचं तोंड लाल झालं, त्याले वाटते मी लोकाइसमोर तबेला काढते. तुळशीराम मात्र गमछा तोंडावर धरून खांदे हलवत होता. पांढरी पाच सेकंदात शंभराच्या वेगाले जाते, निळीले सात लागतात. मी विचारलं, आणि ढोल-ताशांची धुमाल पार्टी चौकात नाचत असंल तवा वरातीले दहा पावलं जायले किती लागते? त्याचा काटा भैय्यालालजवळ नव्हता. फुगे दोघीतही आहेत, ठोकर लागली की फुगतात. पट्टे दोघीतही आहेत.

श्रावणी विचारते, "आजी, सासरे वाला भी लिखूँ?" लिही. मेलेला माणूस वाचत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

तुळशीरामनं दोघींची परीक्षा घेतली, घोडीची घेत होता तशी. नीलकंठले पुढं चालायले लावलं आणि त्याच्या मागं पायाच्या चालीनं गाडी, आवाराले चकरा, एकेकीले पाऊण घंटा. नीलकंठ घामानं निथळला. मी खुर्ची टाकून पाहत होती. इतकी चांगली करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नाही.

परीक्षा झाल्यावर तुळशीराम माझ्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "दाई, सादा वाला लेवा." त्याच्या बोलीत दाई म्हणजे आई, आणि सादा म्हणजे पांढरी.

म्हटलं, काहून? दोन सीटची गाडी. नवरदेव आणि तू. करवली काय तुझ्या मांडीवर बसंल?

त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. पांढरी हळू चालीतही तापली नाही. निळी तापली नाही, पण पंखा ओरडत राहते. निळीच्या कापडी टपावर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी बसंल, दर आठवड्याले धुवायले लागंल. पांढरीची कमान डोळ्याले दिसते, माणूस तिच्यापासून सांभाळून राहते. आणि खरी गोष्ट सगळ्यात शेवटी म्हणाला: निळीत लोकं सीटवर बसणारच नाहीत. मागच्या पाटावर चढून बसतील. ती बसायची जागा नाही.

मी म्हटलं, तेच तं पाहिजे! नवरदेव सीटवर बसला तं रस्त्यावरून काय दिसते? फेटा. टोपल्यातली कोबी. घोडीवर कसा सगळ्यांच्या वर दिसायचा. तोच वरचा मान पाहिजे म्हणून लोकं बोलावतात आपल्याले. तुळश्या, तू म्हातारा झाला. घोडीले नाही भ्यायला आणि पाटाले भेते?

तो म्हणे, "घोड़ी ला मैं जानत रहेंव, दाई."

नीलकंठनं माझ्याकडं पाहिलं. निकाल मीच दिला. निळी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

निळी घरी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, मीरानं ओवाळलं. संध्याकाळपर्यंत टपावर काजळी बसली, बोट फिरवलं तं काजळ लावल्यासारखं. तुळशीराम बादली घेऊन आला आणि धुवायले लागला.

२ नोव्हेंबर, रविवार

उद्या देवउठनी, कार्तिकी एकादशी. लग्नं सुरू होतील. आठ दिवस मी गादी शिवून राहिली. लाल मखमल, आतमध्ये पाच किलो कापूस, काठाले सोनेरी झालर. निळीच्या मागच्या पाटावर बांधायची, नवरदेव तिच्यावर बसंल आणि पाय सीटवर ठेवील. मी स्वतः मापं घेतली, दोरीनं. बंद कुठून ओवायचे तेही मीच दाखवलं. नीलकंठ म्हणे, "आई, सिंहासन झालं!"

तुळशीरामले ते पाहवलं नाही. गाडीचं पुस्तक घेऊन आला, गाडीसोबत आलेलं. त्यातलं एक चित्र दाखवलं. मले अक्षर नाही कळत पण चित्र कळते. गाडीच्या मागच्या पाटावर माणूस बसलेला आणि त्याच्यावर मोठी फुली.

"दाई, देख."

मी पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हटलं, ही फुली फिरंग्यांसाठी आहे. ते दीडशेच्या वेगानं पळतात. आपण पायी चालणाऱ्याच्या मागं चालतो. आपली गाडी उलटायले काय पंख फुटून राहिले?

श्रावणी म्हणे, "आजी, बात तो सही है उसकी." मी म्हटलं, तू सुई ओवून दे.

गादी तुळशीरामनंच बांधली. मी सांगितलं म्हणून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सात लग्नं झाली. विनोदिनी, तू पाहायले पाहिजे होतं. नवरदेव उंच, त्याच्या डोक्यावर छत्री, पुढं धुमाल, मागं बाया. लोकं गच्चीवरून पाहतात. नीलकंठनं तुळशीरामले लाल कोट शिवला, सोनेरी बटणांचा. तुळशीरामले बोचते तो, पण घालते. त्याच्या हातून गाडी अशी चालते की गादीवरच्या पोट्ट्याच्या हातातली लस्सी सांडत नाही.

मी त्याले रोज चिडवते. "काय रे, फुटले का पंख?" तो म्हणते, "नइ फूटिस, दाई." आणि गाडी धुते.

६ डिसेंबर, शनिवार

परवा संध्याकाळी झालं. आज सांगू शकून राहिली.

नव्या रायपुरातलं लॉन. नवरदेव शिशिर नावाचा, ठेकेदाराचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा. गेटजवळ धुमालचा जोर वाढला आणि त्याचे दोस्त डाव्या बाजूनं गाडीले लटकले, पाच-सहा जण. तुळशीराम ओरडला, उतरा. कोणी ऐकलं नाही. रस्त्याच्या काठाले झाकलेली नाली होती. वरची फरशी कच्ची निघाली. पुढचं डावं चाक आत गेलं. गाडी एका बाजूले वाकली. उलटली नाही, नुसती वाकली.

व्हिडिओवाल्यानं सगळं घेतलं आहे. श्रावणीच्या फोनवर पाहिलं मी, तीनदा पाहिलं. धुमालच्याही वर आवाज येते, पत्र्यावर घण पडावा तसा. आणि गादीतून दोन कान बाहेर. भैय्यालाल खोटं नव्हता बोलला, डोळ्याले दिसतच नाही. एका चित्रात नाहीत, दुसऱ्या चित्रात आहेत. शिशिर वर उडाला आणि गाडीच्या मागं रस्त्यावर पडला. त्याच्यावर कापूस पडत होता.

खुबा मोडला, कमरेचं हाड मोडलं. शुद्धीवर आहे. लग्न लागलं नाही. ती पोरगी मेंदीच्या हातानं दवाखान्यात बसली आहे म्हणतात.

लोकांनी तुळशीरामले गाडीतून खेचलं तवाच त्याचा ब्रेकवरचा पाय निघाला. त्याले मारलं लोकांनी. लाल कोट फाटला.

नीलकंठ म्हणते, चाक नालीत घातलं त्यानं. तेही खरंच आहे. चाक तं त्याच्याच हातात होतं.

८ डिसेंबर, सोमवार

कालपासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. काल दुपारभर नीलकंठनं श्रावणीले कॉम्प्युटरवर बसवलं, विम्याचे काही कागद टाइप करायचे होते. म्हणून मले लिहणारी मिळाली नाही. आज आली तं तोंड सुकलेलं. म्हटलं, जेवली का? म्हणे, "हव, आजी." खोटं.

सकाळी नीलकंठ कागद आणि शाईचा डबा घेऊन आला. "आई, विम्याचा आहे. गाडी आपली आहे, तुळशीरामभैया चालवत होता, इतकंच लिहिलं आहे." मी म्हटलं, वाचून दाखव. त्यानं वाचलं, इतकंच होतं. कागद मात्र दोन पानी होता. मीरा दारात उभी होती, पदर तोंडाले. मी म्हटलं, मीरा, दूध उतू जाऊन राहिलं. दूध गॅसवर नव्हतंच, पण ती गेली.

अंगठा दिला.

११ डिसेंबर, गुरुवार

तुळशीरामची बायको आली, पूर्णिमा. बीरगांवहून पायी आली असावी, चपला धुळीनं पांढऱ्या. आत नाही आली. पायरीवर उभी राहिली. तुळशीरामले पोलिसांनी नेलं, एक रात्र ठेवलं, काल जमानत झाली. लायसन्स ठेवून घेतलं. मी म्हटलं, बस, चहा घे. तिनं पदरातून कागद काढला. वकिलानं नक्कल दिली होती.

"दाई, एमा तोर अंगूठा हे."

अंगठा मले ओळखता येते. विळ्यानं कापल्याची आडवी खूण आहे माझ्या अंगठ्याले. ती होती.

श्रावणीले म्हटलं, वाच. कोर्टाची हिंदी ती नेहमी अडखळत वाचते. आज एका दमात वाचली, पान कुठं उलटते तेही आधीच ठाऊक असल्यासारखं. कागदावर असं: गादी चालकानं आपल्या मनानं शिवून आणली आणि बांधली. मालकानं तीनदा मना केलं. चालकानं ऐकलं नाही. हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं डोळ्यानं पाहिलं आहे, आणि त्या बाईचं नाव शारदा.

वाचून झाल्यावर श्रावणी रडायले लागली. मी म्हटलं, अगं, तू काहून रडते? तुझा काय दोष? तं जास्तच रडली. मनाची मऊ आहे, बापावर नाही गेली.

पूर्णिमानं माझ्याकडं पाहिलं. म्हणे, "तैं पढ़े नइ हस, दाई. मैं ओला इही कहेंव." त्याले मी हेच सांगितलं म्हणे, दाईले वाचता येत नाही. मग गेली.

विनोदिनी, मले वाचता येत नाही हे खरं. पण दोन पानाचा कागद दोन वाक्यात संपला तवा मले कळलं होतं. मी विचारलं नाही. हे लिही, श्रावणी. लिही म्हटलं ना.

१३ डिसेंबर, शनिवार

श्रावणीले घेऊन ठाण्यात गेली. गादी सोबत नेली, फाटलेली, पोत्यात भरून. साहेबाले म्हटलं, ही मी शिवली. माप मी घेतलं. बांधायले मी सांगितलं. त्यानं मना केलं होतं, चित्र दाखवलं होतं.

साहेब भला माणूस होता, खुर्ची दिली. पंखा माझ्याकडं फिरवला, डिसेंबरात. म्हणे, "अम्मा, उधर भी आप ही का अँगूठा है, इधर भी आप ही का लगेगा. हम किस अँगूठे को सच मानें?"

मी म्हटलं, जो मी बोलून राहिली त्याले.

"बोला हुआ काग़ज़ पर नहीं रहता, अम्मा."

शेवटी म्हणाला, मुलाले घेऊन या. मुलाले! दुसऱ्या टेबलावरचा हळूच म्हणाला, उमर हो गई है. मले ऐकू येते. कान अजून माझेच आहेत.

२१ डिसेंबर, रविवार

तुळशीरामच्या वकिलाकडं जाऊन नवं शपथपत्र दिलं. या वेळेस श्रावणीनं मले एकेक ओळ मराठीत सांगितली, दोनदा, आणि वाचून झालं की हात ओढणीत लपवत होती. थंडी फार आहे या वर्षी.

नीलकंठले ते आज कळलं. जेवताना ताट सरकवलं.

"आई, तू आपलंच घर बुडवून राहिली. गादी मालकाची होती हे निघालं, तं विमा एक पैसा देणार नाही, आणि त्या ठेकेदाराच्या पोराची भरपाई आपल्याच घरातून जाईल. मग काय करायचं? मीरानं भीक मागायची?"

"आणि तुळशीरामनं?"

"त्याले सांभाळीन ना मी! हळूहळू. गुपचूप."

"गुपचूप काहून? उघड बदनाम केलं तं उघड सांभाळ."

"आई, निळी गाडी कोणी निवडली?"

मी त्याचं ताट परत त्याच्यासमोर सरकवलं. मग म्हटलं, मी. म्हणूनच बोलून राहिली.

"त्यानं नालीत चाक घातलं!"

"त्यानं पांढरी घे म्हटलं होतं. सहा लोकं लटकली तवा उतरा म्हटलं होतं. चित्र दाखवलं होतं. आणखी किती भाषेत सांगायचं त्यानं?"

मग मी श्रावणीले डायरी आणायले लावली, पाच ऑक्टोबरचं पान. वाच, तुझ्या बापानं माझ्या पायाले हात लावून काय म्हटलं होतं. तिनं वाचलं. नीलकंठ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे पोट्टीनं लिहिलेलं आहे. यावर कोणाची सही आहे? तुझा अंगठा तरी आहे का?"

बाबाराव असते तं त्यांनी कानफटात दिली असती, असं म्हणायचं मनात आलं. पण नसती दिली. त्यांनीही घर वाचवलं असतं. हे मले आजच समजलं आणि जेवण गेलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवसापासून मी वेगळी शिजवते. मागच्या खोलीत एक शेगडी आहे. मीरा दारात वाटी ठेवून जाते, मी ती गाईले घालते.

४ जानेवारी २०१५, रविवार

आज बीरगांवले गेली. रिक्षानं, श्रावणीसोबत. ती रिक्षातच बसून राहिली, डोकं दुखते म्हणे.

तुळशीराम घरी होता. त्याले सिलतऱ्यात काम मिळालं आहे, भुकटीच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचं. ट्रकवर चढायचं, दोर ओढायचा, उतरायचं. छप्पन-सत्तावन्न वर्षांचा माणूस. हाताच्या रेघांत काजळी, नखांत काजळी. मले पाहून उठला. गमछ्यानं खाट झटकली.

"आइए, अम्मा जी."

विनोदिनी, तीस वर्षं दाई म्हणाला. घोडी व्यायली तवा पहाटे दार ठोकून दाई म्हणाला. मी फुलीचं चित्र झिडकारलं, त्या दिवशीही दाईच म्हणाला. आज अम्मा जी. भैय्यालाल म्हणते तसं.

पूर्णिमानं चहा आणला. कपबशीत. त्यांच्याकडची एकच चांगली कपबशी असावी, वर काठाले सोनेरी रेघ. मी आजपर्यंत तिथं स्टीलच्या गिलासातच पिली. मी म्हटलं, गिलासात दे ना. ती म्हणे, "नहीं, अम्मा जी, आप इसी में लीजिए."

मी सांगितलं, नवा कागद दिला आहे. तारखेले उभी राहीन. सगळ्यांसमोर सांगीन. त्यानं मान हलवली. "आपकी मेहरबानी."

म्हटलं, तुळश्या, शिवी दे. मले समोरासमोर दे.

तो नखातली काजळी काढायले लागला. मग म्हणाला, "मारने वाले लोग पराए थे, अम्मा जी. उनका दुख नहीं है."

मी कपबशी उचलली आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. 

निघताना त्यानं रिक्षापर्यंत पोचवलं, हात धरून, नालीवरची फरशी पायानं दाबून पाहिली आणि मग मले पाऊल टाकू दिलं. श्रावणीले पाहून म्हणाला, "कइसे हस, नोनी?" नोनी म्हणजे पोरी, तिच्याशी जुन्यासारखंच बोलला. ती तोंड फिरवून बसली. मी तिले रस्ताभर रागावली. इतका चांगला माणूस विचारून राहिला आणि तू उत्तर नाही देत?

१२ जानेवारी, सोमवार

पानं उरली आहेत पण डायरी आजच कुरियरनं पाठवून राहिली, तुले सगळं ठाऊक पाहिजे म्हणून. तारीख सोळा फेब्रुवारीची पडली. नीलकंठचा वकील म्हणणार आहे की म्हातारीले भ्रम झाला. तुळशीरामचा वकील म्हणते, आजीसोबत रक्ताचं कोणीतरी उभं पाहिजे. श्रावणी उभी राहणार होती, पण काल म्हणे, "आजी, मुझसे नहीं होगा. मुझसे मत पूछो क्यों." मी नाही विचारलं. परीक्षा जवळ आली असंल. तू ये.

शिशिर काठी घेऊन चालते आता. लग्न मोडलं नाही, ती पोरगी थांबली आहे. एवढी एक बातमी बरी. निळी भैय्यालालनं परत घेतली, नवा टप घालून उभी केली आहे. पांढरी कोणीतरी नेली.

शपथपत्रानं तुळशीरामचं लायसन्स परत मिळंल की नाही, वकीलही सांगत नाही. मिळालं तरी वरातीवाले त्याले गाडीवर बसवणार नाहीत. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनात आहे. त्यात त्याचं तोंड दिसते, गादी कोणी शिवली ते दिसत नाही.

येण्याआधी एक पार्सल कर. आपल्या घरच्या पत्त्यावर नाही, बीरगांवच्या. पत्ता श्रावणीनं मागच्या पानावर लिहिला आहे. पाठवणाऱ्याचं नाव तुझं टाक. माझ्या नावाचं तो परत करंल, आणि बरोबर करंल. तुझ्या नावाचं ठेवून घेईल, तुझी वरात त्यानं आणली आहे. गव्हाच्या कुरडया पाठव, उन्हात नीट खडखडीत वाळलेल्या. मुगवड्या पाठव. ज्वारीचं पीठ तीन किलो, इकडं चांगलं मिळत नाही. आणि जवसाची चटणी, पण लसूण टाकू नको. कबीरपंथी घर आहे त्यांचं, लसूण चालत नाही.